मधली काळी तीन

"थांबव. जरा मागं घे."

हे म्हणताना ते उजव्या हाताचा अंगठा वर करायचे आणि मान झुकवून कान पुढे आणायचे. समोर व्हिडिओ चालू असला तरी डोळे नाहीत, आधी कान. मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते कंपनीच्या बसमध्ये, सकाळी, कतारमध्ये, रास लफानच्या रस्त्यावर. इअरफोन घरी विसरलो होतो, म्हणून आवाज बारीक करून गावाकडच्या ग्रुपवर आलेलं भजन बघत होतो. मागच्या सीटवरून हा हुकूम आला. वळून बघतो तर पिकल्या मिशांचा, वर्कशॉपचा निळा गणवेश घातलेला माणूस माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होता.

मी मागे घेतलं. का घेतलं, मला अजून कळलेलं नाही.

"बुवाकडं काय बघतोस? पेटीकडं बघ," ते म्हणाले. "कडंचं पितळ झिजलंय बघ, रोज हात लागतोय तिथं. जुनी हाय. लई जुनी. गाव कुठलं हे?"

गाव माझ्या गावाच्या शेजारचं होतं, कणकवलीच्या पुढचं. मी नाव सांगितलं. त्यांनी वरच्या खिशातून छोटी डायरी काढली, नाव लिहिलं, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेले.

मला हे अजिबात आवडलं नाही. मी कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये आहे. कागद आला की मी आधी सही बघतो, मग तारीख, मग ती सही त्या तारखेला करणारा माणूस सुट्टीवर तर नव्हता ना, ते बघतो. पंधरा वर्षं हेच केल्यावर स्वभाव दुसरा राहत नाही. घरी दुधाची बाटली आली तरी मी तारीख बघतो, आणि ती बघितल्यावर झाकणावरची तारीख वेगळी नाही ना, तेही बघतो. तेव्हा अनोळखी माणूस गावाचं नाव विचारतो आणि लिहून घेतो म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकणारच.

काका म्हणायचे त्यांना सगळे. मिरजेकडचे. वर्कशॉपमध्ये त्यांचं काम म्हणजे प्लांटवरून काढून आणलेली प्रेशर गेज तपासायची, काटा खरं बोलतो का बघायचं आणि मग त्यावर छोटं लेबल चिकटवायचं: कोणी तपासलं, केव्हा, स्थिती काय. काटा शून्यावर असला तरी त्यांचा विश्वास नसायचा. बोटाने काचेवर टिचकी मारायचे. "आता बघ हललं. साहेब आला की गप उभं राहतंय, टिचकी मारली की खरं बोलतंय." एकदा एका नव्या इंजिनिअरने चकचकीत नवं गेज आणून सांगितलं, हे तपासायची गरज नाही. काकांनी टिचकी मारली, काटा दोन घरं सरकला. "रंगावर जाऊ नको," एवढंच म्हणाले ते.

हे त्यांचं दुसरं वाक्य. गाडी असो, माणूस असो, हॉटेलची बिर्याणी असो, रंगावर जाऊ नको.

त्यांचा खरा जीव मात्र पेट्यांत होता. गावोगावच्या भजनी मंडळांचे, दशावताराचे, देवळातल्या सप्ताहाचे व्हिडिओ ते शोधून शोधून बघायचे आणि त्यात कोण गातंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. कुठली पेटी जुनी, कुठली नवी, कुठलीचं अंग जुनं पण पोटात सूर नवे, हे ते व्हिडिओवरून सांगायचे. तुम्ही पेटी उघडी पाहिली असेल तर ठाऊक असेल, सूर म्हणजे आतली पितळेची बारीक जीभ, वारा लागला की ती बोलते. जुन्या पेट्यांत हे सूर जर्मनीहून आलेले असत. तसे आता मिळत नाहीत.

गणपतीत अल दुहैलला एका साहेबांच्या व्हिलामध्ये आरतीला गेलो होतो. साहेब पुण्याचे. त्यांनी कौतुकाने पेटी दाखवली, आजोबांच्या वेळची आहे म्हणाले. काकांनी पेटी आडवी केली, खाली बघितलं, परत नीट ठेवली. "साहेब, स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह हाय. तुमच्या आजोबांच्या वेळी असलं स्क्रू नव्हतं." साहेबांचा चेहरा उतरला. बाईंनी घाईघाईने आरतीला सुरुवात केली. परतताना गाडीत मी म्हणालो, काका, गप्प बसायचं ना. ते म्हणाले, "मी गप बसलो तर ती पेटी खरी होती का?"

बायकोला हा माणूस आवडला. दर शुक्रवारी ते अबू हमूरहून आमच्या ओल्ड एअरपोर्टच्या फ्लॅटवर जेवायला यायला लागले. बायको सुरमई करायची. देशावरचा माणूस, त्यामुळे माशावरही त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येक घास बोटांनी चाचपून, काटा नाही याची खात्री करून मगच तोंडात. जेवण झालं की माझा फोन मागायचे. "यल्ला, चल, दाव तुझ्याकडचं काय नवीन."

आणि मी दाखवायचो, पण एक डोळा त्यांच्या डायरीवर ठेवून.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आमच्याकडचे असाल तर म्हणणार नाही. आमच्या भागात टेम्पो घेऊन माणसं येतात. देवळातली जुनी पेटी बघतात, काका-मामा करतात, आणि म्हणतात, ही खोकडी आता गेली, बदल्यात नवीकोरी घ्या. गाव खूश होतं. टेम्पो गेल्यावर कुणा जाणत्याला कळतं, काय गेलं ते. दुसरा प्रकार आणखी वाईट. पेटी साफ करून देतो म्हणून उघडतात, आतले जुने सूर काढून घेतात, नवे बसवून देतात. बाहेरून पेटी तीच. या लोकांना कुठल्या गावात काय आहे याची बातमी देणारा कोणीतरी असतोच. एका शुक्रवारी काका हात धुवायला गेले तेव्हा मी डायरी उघडली. पानापानांवर गावांची नावं. सगळी आमच्याच भागातली. बहुतेकांवर काट मारलेली, थोड्यांपुढे प्रश्नचिन्ह.

रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला माझ्या भावाचाही संशय येतो." येतो. पण तो विषय वेगळा.

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा देवळात पेटी वाजवतात. मंडळाची पेटी, पण माझ्या आजोबांनी आणलेली, आणि आजवर बाबांशिवाय कोणी तिला हात लावत नाही. एके काळी बाबा जत्रांतून, मोठमोठ्या बुवांच्या साथीला बसायचे. मी दुसरीत असताना एका जत्रेत ऐन बारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, त्यांचं बोट अडलं. मधल्या सप्तकातली काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी. पट्टी दाबली आणि सूर क्षणभर उशिरा उठला. परत दाबली, परत उशिरा. बुवांनी वळून पाहिलं. त्यानंतर बाबा बाहेरगावी वाजवायला गेले नाहीत. उजव्या हाताचं मधलं बोट मंदावलं, असं त्यांनीच ठरवून टाकलं. मी लहानपणापासून बघतोय, संध्याकाळी पडवीत बसून त्या बोटाला ते खोबरेल चोळतात. गावच्या भजनात वाजवतात, पण त्या पट्टीवर जलद जायची वेळ आली की ती टाळून पुढे उडी मारतात. आम्हाला सगळ्यांना ती उडी इतकी पाठ आहे की ती चालच तशी आहे असं वाटतं.

एका शुक्रवारी मी गावच्या एकादशीच्या भजनाचा व्हिडिओ लावला. अंगठा वर झाला.

"थांबव. मागं घे."

घेतलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी फोन हातातून घेतला. पेटीचा भाता ऐकणाऱ्यांच्या बाजूला असतो. भात्याच्या कोपऱ्यावर चामड्याचं एक तिकोनी ठिगळ होतं, तीन बारीक खिळ्यांनी ठोकलेलं. काकांनी चित्र मोठं केलं आणि ठिगळावर बोट ठेवलं.

"वाजवतंय कोण?"

"बाबा माझे."

"मधली काळी तीन टाळत्यात."

मी चपापलो. हे आमच्या घरातलं. बाहेरच्या कोणी आजवर ओळखलं नव्हतं. "बोट मंद आहे त्यांचं," मी म्हणालो.

"कोण म्हणालं बोट मंद हाय?"

"तेच म्हणतात."

काकांनी फोन परत दिला. डायरी काढली नाही, गाव विचारलं नाही. बायकोने ताक आणलं, ते न पिताच उठले. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाले, "मी पुढच्या महिन्यात सुट्टीला चाललोय. तुझ्या बाबांची पेटी जरा उघडून बघून येऊ का? नुसती बघतो."

मी "या की" म्हणालो, पत्ताही दिला. तोंडावर नाही म्हणायचं आपल्याला जमत नाही. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी तिथेच उभं राहून बाबांना फोन लावला. मिरजेचा एक माणूस येईल, म्हटलं. चहा द्या, जेवायला घाला, पण पेटीला हात लावू देऊ नका.

काका आमच्या गावाला जाऊन आल्यावर बाबांचा फोन आला. "तुझो माणूस इल्लो. बरो वाटलो. माझा वाजप आयकल्यान. मगे पेटी उघडूक मागी होतो. मी सांगलंय, झिलान फोन केल्यान हा, पेटयेक हात लावूक देव नको म्हणान."

"असं सांगितलंत तुम्ही?"

"मगे काय खोटा सांगू? तो बरा म्हणालो. मगे माझो हात हातात घेतल्यान आणि म्हणालो, दादा, तुमचा हात चांगला हाय. आणि गेलो. जेवलोसुदिक नाय."

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, वाटली नाही. मला बरं वाटलं. पेटी वाचवली, असं वाटलं. हात चांगला म्हणे. गोड बोलणं कुणाला जमत नाही?

काका परत आले ते आईने दिलेली पिशवी घेऊन. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाचं सांदण करायची रवाळ कणी. पिशवीला आईने मारलेली गाठ तशीच होती. मी ती आधी बघितली, हे तुम्हाला सांगायला नकोच. "घे, खलास," ते म्हणाले, आणि दारातूनच गेले. त्यानंतर शुक्रवारी आले नाहीत. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायला लागले. मी एकदोनदा मुद्दाम फोनवर भजन लावलं, आवाज जरा मोठा ठेवून. अंगठा वर झाला नाही.

बायकोने विचारलं, काका का येत नाहीत? मी म्हणालो, त्यांचं काम झालं नाही ना. त्या शुक्रवारी तिने सुरमई आणली नाही.

दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. कागद माझ्याच टेबलावरून गेला. सही बरोबर, तारीख बरोबर. निरोपाचा केक कापला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. ती मीटिंग अर्ध्या तासाने संपणार होती आणि मी ती ताणली, हेही खरं. काका त्याच दिवशी दुपारच्या विमानाने गेले.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या पोराने माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा आणून ठेवला. जड होता. झाकणावर गेजला लावतात तसं लेबल. तपासणाऱ्याच्या रकान्यात काकांची सही. स्थितीच्या रकान्यात त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: परत द्यायचे.

आत जुन्या धोतराच्या कापडात कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या होत्या. प्रत्येक पुडीवर पट्टीचं नाव. खालच्या सप्तकाच्या, मधल्या, वरच्या. एक उघडली तर पितळेचा सूर, पिवळाधमक, पुसून ठेवलेला. पुड्यांच्या तळाशी वहीचा एक कागद होता.

"लग्नाआधी मी पेट्यांच्या कारखान्यात होतो. मालक तुमच्या भागातल्या जत्रांत दुकान लावायचा. मंडळं पेट्या साफ करायला द्यायची. जुने सूर काढायचे, नवे बसवायचे, कुणाला सांगायचं नाही, हे माझं काम. एका जत्रेत सात पेट्या उघडल्या. सातवीचा भाता फाटला होता, त्याला ठिगळ मी लावलं. घाई होती. एक सूर जास्त घासला गेला, तो उशिरा उठायला लागला. मला कळलं होतं. तसाच दिला. संध्याकाळी तुझ्या बाबांची बारी ऐकायला उभा राहिलो. त्या पट्टीवर ते अडले. त्यांनी पेटीकडे बघितलं नाही. स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

"सहा पेट्यांचे सूर मालकाला दिले. हे दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी काम सोडलं. गाव कुठलं ते माहीत नव्हतं, म्हणून शोधत होतो. तुझ्या बाबांसमोर बसलो आणि सांगायचा धीर झाला नाही. तू फोन केलास ते बरोबर केलंस. माझ्यासारख्याला पेटी उघडू द्यायची नसते. सूर जाणत्या माणसाकडून बसवून घे. मधली काळी तीन आधी."

मी कागद दोनदा वाचला. सवयीने सही बघितली. मग फोन लावला. इथला नंबर बंद झाला होता आणि गावाकडचा कोणाकडेच नव्हता. एवढी वर्षं ज्याने सगळ्यांना गाव विचारलं, त्याचं गाव आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. मिरजेकडचे, एवढंच. माझा संशय खरा निघाला होता आणि मला कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं. बायकोने कागद वाचला, डबा कापडासकट छातीशी धरला आणि म्हणाली, "उपाशी गेले रे ते तुझ्या घरातून."

डबा घेऊन मी सुट्टीला गेलो. दोह्याच्या विमानतळावर तपासणीत तो उघडायला लावला. तिथल्या माणसाने एक पुडी हातावर घेतली, माझ्याकडे संशयाने बघितलं आणि विचारलं, ये क्या है? पुडीतला सूर उचलून मी तोंडाजवळ धरला आणि फुंकर मारली. तो बोलला. माणसाने पुडी बांधून परत दिली.

बाबांना आधी काही सांगितलं नाही. कुडाळहून जाणता कारागीर आणला, त्याच्या समोर दोन दिवस बसून राहिलो, जागचा हललो नाही. सूर बसले. ठिगळ मी काढू दिलं नाही.

बाबा पेटीपुढे बसले. भाता हलवला, पहिलाच सूर लागला आणि त्यांनी हात उचलून घेतला. "ह्यो आवाज..." म्हणाले. "माझ्या बापाशीच्या वेळचो आवाज ह्यो." परत हात ठेवला आणि वाजवायला लागले. आई चुलीकडून उठून दाराशी आली. वाजवता वाजवता ती जागा आली. बाबांचं बोट काळी तीन सोडून पुढच्या पट्टीवर गेलं. इतक्या वर्षांची सवय.

"बाबा, थांबा," मी म्हणालो. "जरा मागे घ्या. उडी मारू नका."

"नको रे. माझा बोट..."

"घ्या तुम्ही."

त्यांनी मागे घेतलं. तिथे आले. बोट पट्टीवर पडलं आणि सूर तिथल्या तिथे उठला. त्यांनी परत दाबली. मग जलद, तीनदा, चारदा. दर वेळी बोटाबरोबर सूर.

भाता हळूहळू मिटला. बाबांनी उजवा हात वर घेतला आणि त्या बोटाकडे बघत राहिले.

"बोट बरा होता माझा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "कोणी दिल्यान रे हे सूर?"

"त्या मिरजेच्या माणसाने," मी म्हणालो. "ज्याला पेटीला हात लावू देऊ नका, असं मी तुम्हाला म्हणालो होतो."